रायटिंगमध्ये उदाहरण कुठलं द्यायचं?

ताई, तुम्ही लिहिलंत की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बाकी सगळं जमलं, रायटिंग मात्र दोनदा साडेसहा बँडवर, म्हणजे गुणांवर, अडलं. आणि दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहून जगाची उदाहरणं आणायची कुठून? मी आर्णीकडचा, सात वर्षांपासून कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये आहे. माझंही घोडं इथंच अडलं होतं. एक्सप्रेस एंट्रीसाठी, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या अर्जासाठी, सीएलबी ९ ही भाषेची पातळी हवी असेल तर जनरल ट्रेनिंग या प्रकारच्या परीक्षेत रायटिंगमध्ये ७ लागतात, म्हणजे तुम्हाला अर्धाच बँड कमी पडतोय.

मी ज्या क्लासला जायचो तिथं एक वाक्य पाठ करून घेत: अमुक विद्यापीठाच्या पाहणीत ७८ टक्के लोक असं म्हणाले. पर्यावरण असो की शिक्षण, मी तेच लिहिलं आणि ६ घेऊन आलो. परीक्षक काही तो आकडा शोधत बसत नाही. पण जे वाक्य कुठल्याही निबंधात चालतं, ते हातातल्या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नसतं. टास्क २ च्या, म्हणजे निबंधाच्या, प्रश्नाखाली छापलेलंच असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. अनुभव तर तुमच्याकडे भरपूर आहे.

समजा प्रश्न आला, सार्वजनिक वाहतूक फुकट असावी का? लोक लगेच युरोपातली शहरं आठवू लागतात. तुम्ही एसटी घ्या. आपल्याकडे खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी पास फुकट मिळतो. माझ्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल नऊ किलोमीटरवर. त्या पासवर माझ्या दोन्ही चुलत बहिणी बारावी झाल्या. भाडं भरायचं असतं तर काकांनी आठवीतच त्यांना कापूस वेचायला नेलं असतं. पण पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की गाडी गावात येत नसे, आणि पास दप्तरात पडून राही. म्हणून माझं मत असं झालं की भाडं माफ करण्याआधी गाडी रोज येईल एवढं बघा. हे मत मला त्या नाल्यानं दिलं, कुठल्या पाहणीनं नाही. लिहून झाल्यावर उदाहरण हातानं झाकून परिच्छेद वाचा. मुद्दा तेवढाच पक्का वाटला तर उदाहरण बदला.

शेतीतल्या तंत्रज्ञानावर प्रश्न आला तर बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला तोंड देईल असं बदललेलं बियाणं, दोन्ही बाजूंना चालतो. २००२ साली परवानगी मिळाली, हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला दाद देईना, आणि २०१७ मध्ये आपल्या भागातली उभी पराटी तिनं पोखरली. फायदा आणि तोटा एकाच पिकात दिसतो.

एक कळकळीनं सांगतो. शेतकरी आत्महत्येचं उदाहरण गरिबी, मोबाइल, शहरीकरण असं कुठंही घालू नका. प्रश्न कर्जाचा किंवा शेतमालाच्या भावाचा असेल तरच लिहा, आणि तेव्हाही कारण सांगा: पेरणीला उधारी, पावसाचा खंड, मग सावकार. नाहीतर आपल्याच माणसांचं दुःख जागा भरायला वापरल्यासारखं होतं.

परीक्षकाला आपला मुलूख माहीत नाही हे लक्षात असू द्या. एसटी म्हणजे राज्य सरकारची बस, सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर, एवढं तीन-चार शब्दांत सांगून पुढं जा. निदान २५० शब्द लिहायचे असतात आणि टास्क २ साठी साधारण ४० मिनिटं धरायची, त्यामुळे एका उदाहरणाला दोन-तीन वाक्यं पुरेत. पहिल्या पाच मिनिटांत एवढंच ठरवा, की या प्रश्नाची झळ आपल्या गावात कोणाला बसते? नाव सुचलं की लिहायला घ्या.

आधीच्या सरावाचे दोन निबंध मला पाठवा. इकडं बर्फ पडायला लागलाय, संध्याकाळी घरीच असतो. वाचून कुठलं उदाहरण काढायचं ते खुणा करून परत पाठवतो.