लहान कॉलेजची नोकरी घेण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ओहायोतल्या एका लहान कॉलेजने तुला अमेरिकन फुटबॉलच्या साहाय्यक प्रशिक्षकाची जागा देऊ केली आहे, ती घ्यावी का, असे तू विचारले आहेस. घ्यावीस, असे मला मनापासून वाटते. मात्र दोन वर्षे काढून मोठ्या विद्यापीठाकडे वळायचे असा बेत असेल, तर तू आज ज्या मुलांना बोलावशील त्यांच्या पदवीदानाला तू तिथे नसशील, हे आधी लक्षात घे.

अशी लहान कॉलेजे बहुधा ज्यात खेळतात तो अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेचा (NCAA) डिव्हिजन थ्री हा विभाग 1973 साली सुरू झाला आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. गरजेनुसार किंवा गुणांवर मिळणारी मदत वजा जाता उरलेली फी मुलाच्या घरच्यांना भरावी लागते. ज्या कॉलेजचा संसार फीवरच चालतो, त्याला शंभराहून अधिक मुलांचा फुटबॉल संघ म्हणजे भरलेली वसतिगृहे वाटतात, आणि किती सामने जिंकलेस याच्या आधी किती मुले आणलीस असे तुला विचारले जाईल. डावपेच तू शिकशीलच. खरी कसोटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, मुलाच्या आईवडिलांसमोर बसून बोलताना लागते. माझ्या उमेदीच्या काळात मी एका मुलाला पहिल्याच वर्षी मैदानात उतरशील असे सांगून आणले, आणि त्याच जागेसाठी आणखी चौघांना बोलावले होते, हे त्याला सांगितले नाही. दुसरा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो पदवीविना, डोक्यावर कर्ज घेऊन घरी परतला. ते आजही मला सलते.

या कामाचा आदर्श कोण, असे विचारशील तर मी फुटबॉल प्रशिक्षक जॉन गलार्डी यांचे नाव घेईन. 1943 साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणे आले, तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलानेच संघाची जबाबदारी घेतली, आणि स्वतःला खेळाडू म्हणून जे जे निरर्थक वाटत होते ते सरावातून काढायला सुरुवात केली. मॉन्टानातल्या कॅरोल कॉलेजमध्ये चार हंगाम काढून 1953 साली ते मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठात आले आणि 2012च्या हंगामापर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीच्या काही वर्षांत त्यांनी तिथला आइस हॉकीचा संघही सांभाळला. तुझ्याही वाट्याला अशी दुसरी कामे येतील, तेव्हा ती कमीपणाची मानू नकोस. त्यांच्या सरावात टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडणे, नव्हते, शिट्टी नव्हती, दीड तासाहून अधिक वेळ मुलांना थांबवून ठेवणे नव्हते, आणि त्यांना ‘कोच’ म्हणण्याची प्रथाही नव्हती. मुले त्यांना सरळ ‘जॉन’ म्हणत. अशा सरावातून 489 विजय आणि चार राष्ट्रीय विजेतेपदे आली, त्यातले शेवटचे 2003 साली, लागोपाठ 55 सामने जिंकलेल्या माउंट युनियन या ओहायोतल्याच कॉलेजला 24-6 असे हरवून. सरावात मुले एकमेकांवर आदळली नाहीत तर ती लढाऊ होत नाहीत, असे तुला अनेक ज्येष्ठ ठामपणे सांगतील. त्यांचा मान राख, पण गलार्डींची कारकीर्द विसरू नकोस. आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या प्रशिक्षकांनीही 2016 साली हंगामातल्या सरावातून टॅकल काढून टाकण्याचा निर्णय एकमताने घेतला. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांविषयी आज जे माहीत आहे ते पाहता, ज्या मुलाला खेळण्याचे पैसे मिळत नाहीत, किंबहुना जो स्वतः फी भरून खेळतो, त्याचे डोके मंगळवारच्या सरावात पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पगाराविषयी थोडक्यात सांगतो. तो कमी असेल, म्हणून घरभाडे आणि आरोग्यविमा यांची बोलणी लेखी करून घे.

सही करण्यापूर्वी मुख्य प्रशिक्षकांकडे एकच गोष्ट माग: चार वर्षांपूर्वी संघात आलेल्या मुलांपैकी किती जण अजून खेळतात, किती जण खेळ सोडूनही त्याच कॉलेजात शिकत आहेत, आणि किती जण कॉलेजच सोडून गेले, याचे आकडे. ते मोकळेपणाने सांगतात की विषय बदलतात, हे नीट पाहा आणि त्याच संध्याकाळी मला फोन कर.

तुझा,
काका