टायरला फुगा आलाय? मग घाटात नको

भावा, खिळा घुसला तर मी फारसा घाबरत नाही. पण तू विचारतोयस ना, बाइकच्या टायरला बाजूने फुगा आलाय, चालवू का? त्या फुग्याला घाबरतो. खड्ड्यात चाक आदळलं की रिम आणि रस्त्याच्या मधे टायर चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि हवा तिथून रबर बाहेर ढकलते. लिंबाएवढा असो की चिंचोक्याएवढा, टायर बाद. पंक्चरवाला म्हणेल, "चालेल की अजून दोन महिने." त्याला कुठे ती गाडी खंबाटकी घाटातून न्यायचीय?

चिरेचं थोडं वेगळं. गाडी मेन स्टँडवर घे, चाक हळूहळू फिरव, चीर बोटांनी जरा फाकवून बघ. आत धागे दिसले तर विषय संपला. नुसतं वरचं रबर खरचटलं असेल तर साबणाचं पाणी लाव; बुडबुडे नाहीत, तर चालव. नक्षीच्या मधल्या भागातलं बारीक पंक्चर असेल तर ट्यूबलेसला आतून मशरूम पॅच (छत्रीसारखं, देठ असलेलं रबरी ठिगळ) मारून घे. बाहेरून खुपसलेली पट्टी मी घरी पोचण्यापुरतीच धरतो. साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं, पंक्चर काढूच नको.

बाजूवरचे चार आकडेही वाच: २३१८ म्हणजे टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. माझ्या जुन्या गाडीचा मागचा टायर नक्षीने झकास, पण नऊ वर्षांचा. पहिल्या पावसात साबणासारखा सटकायचा.

पुढच्या टायरला मात्र नुसती शंका आली तरी बदल. मागचा बसला तर गाडी डुलते, बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा बसला की हँडल ऐकत नाही.