अंगावर काढतात, पण का?

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

राजापूर तालुक्यातल्या तुझ्या पहिल्या पावसाळ्याचं पत्र मिळालं. 'इथले लोक अडाणी, सगळं अंगावर काढतात,' असं लिहिलंस. अंगावर काढतात हे खरं. अडाणीपणामुळे, हे तुला कुणी सांगितलं?

तुझी ती लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या त्या तापाची बाईच घे. पाचव्या दिवशी आली, तोवर डोळे पिवळे आणि लघवी कमी झालेली. तिचे पाच दिवस तिच्या वाडीत बसून मोज. लावणी चालू. चिखलात वाकून पोटऱ्या सगळ्यांच्याच भरून येतात, अंग सगळ्यांचंच मोडतं; त्यात हे दुखणं वेगळं आहे हे तिने ओळखायचं कसं? लावणीही अदलाबदलीची. कालपर्यंत शेजारणी तिच्या शेतात राबल्या, आज ती घरी बसली तर ते कोण फेडणार? नवरा मुंबईला, सासऱ्यांना दिसत नाही, गोठ्यात जनावरं. सकाळची एस.टी. चुकली की दुसरी दुपारी, तेव्हा तुझी ओपीडी उठलेली. रिक्षाचं भाडं ऐकूनच ताप उतरतो म्हणे!

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1100 हून जास्त बायका निघाल्या. त्यामागे मुख्यतः मुंबईची चाकरी. म्हणजे घरोघरी पहिला प्रश्न पैशांचा नसतो, सोबत कोण जाणार हा असतो. त्या सासऱ्यांना मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात ऑपरेशन फुकट होतं, पण नेणार कोण? गणपतीत चाकरमानी घरी येतात, तेव्हा आशाताईला घेऊन मुलाला गाठ आणि तारीख तिथल्या तिथे ठरवून घे. आरतीनंतरची वेळ बरी.

1994 साली थॅडियस आणि मेन या दोघींनी मातामृत्यूंच्या संदर्भात तीन उशीर मांडले: ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. परीक्षेत तू ते लिहिलंही असशील. पण आपण पहिल्या उशिराचं खापर लोकांवर फोडतो आणि मोकळे होतो. पुष्कळदा पहिला उशीर तिसऱ्याच्याच पोटी जन्मलेला असतो. म्हातारी घाटी चढून आरोग्य केंद्रावर येते, बीपीच्या सातच दिवसांच्या गोळ्या हातात पडतात आणि 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत जाते. ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. पुढे कुणाच्या छातीत दुखलं आणि 'केंद्रावर जाऊ या का?' असा विषय निघाला, की उत्तर तयार! बीपी आटोक्यात असेल आणि साठा असेल तर महिन्याच्या गोळ्या देत जा. फार्मासिस्ट कुरकुरेल. कुरकुरू दे.

आता जे येतच नाहीत त्यांचं. तुझ्या रजिस्टरात आलेल्यांचीच नोंद होते, न आलेल्यांसाठी रकानाच नाही. साखरी नाटे बंदरातल्या खलाशांना हंगामात ओपीडीची वेळ जमणं कठीण. सध्या मासेमारी बंद आहे, होड्या किनाऱ्याला लागल्यात. बीपीचं यंत्र आणि ग्लुकोमीटर घेऊन तिकडेच जा. जाळी विणत बसलेला माणूस हात पुढे करायला नाही म्हणत नाही.

आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांकडे तर कुणी बघतच नाही. बागेत एकटे राहतात, खोकला झाला तर मेडिकलमधून बाटली आणतात. इथलं रेशनकार्ड नसल्यामुळे योजनांच्या खिडकीवरही अडतात. टीबीचं औषध फुकट आहे, पण ते साधारण सहा महिने घ्यावं लागतं. फेब्रुवारीत सुरू केलं तर ऑगस्ट उजाडतो, आणि बाग मेअखेर संपते. माणूस गावी गेला की आपण 'उपचार सोडला' असा शेरा मारतो! पहिली गोळी देतानाच विचार, बाग संपल्यावर कुठे जाणार? निघायच्या आधी त्याला बोलावून घे, उरलेल्या उपचाराची सोय लाव आणि सोबत चिठ्ठी दे. ती सुवाच्य आणि हिंदीत लिही. तुझं अक्षर मी पाहिलंय.

तुझे,
सर