लवाद, मध्यस्थ आणि पंच यांत नेमका फरक काय?

दोन पक्षांतील वाद निःपक्षपातीपणे सोडवणाऱ्या व्यक्तीला लवाद म्हणावे, मध्यस्थ म्हणावे की पंच, असा आपला प्रश्न आहे. या तिन्ही शब्दांतला खरा फरक निर्णयाच्या अधिकारात आहे.

मध्यस्थ निर्णय देत नाही. शेताच्या बांधावरून दोन भावांचे बोलणे बंद झाले असेल, तर तो दोघांना ओट्यावर समोरासमोर बसवतो, एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. तडजोड मात्र भावांनीच करायची असते. लवादाचे तसे नाही. उभय पक्षांनी आपला वाद त्याच्याकडे सोपवण्याचे मान्य केलेले असते, आणि त्याने दिलेला निवाडा त्यांच्यावर बंधनकारक असतो. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्यानुसार लवादांची संख्या पक्षकारांना ठरवता येते, मात्र ती सम असू नये, कारण समसमान मते पडली तर वाद तसाच लोंबकळत राहील. ‘राष्ट्रीय हरित लवाद’ या नावात मात्र हाच शब्द न्यायाधिकरण या अर्थाने येतो.

पंच हा शब्द गावपंचायतीपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत चालतो; पंचनाम्यातले पंच मात्र केवळ साक्षीदार असतात, ते काहीही ठरवत नाहीत.

‘तटस्थ’ आणि ‘त्रयस्थ’ हे शब्द मला या अर्थाने वापरणे चुकीचे वाटते, कारण तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला आणि त्रयस्थ म्हणजे तिसरा. दोन्ही शब्द वृत्ती किंवा स्थान सांगतात, काम सांगत नाहीत.