अंकांना रंग दिसतात म्हणजे मेंदूतल्या तारा चुकीच्या जुळल्यात का?

तुमची लेक पाढे लिहिताना ‘पाच हिरवा, आठ तपकिरी’ म्हणते आणि तिच्या मेंदूत काही बिघाड आहे का, असं तुम्ही विचारलंय. ताई, बिघाड नाही. याला सिनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे एका गोष्टीच्या जाणिवेबरोबर दुसरीच एखादी जाणीव आपोआप जागी होणं, आणि तो आजार मानला जात नाही. मलाही आहे. कळायला लागल्यापासून मंगळवार विटकरी आहे, त्यापायी काही अडलं नाही.

आता तारांचं. अंकांचे आकार ओळखणारा आणि रंग ओळखणारा असे मेंदूचे दोन भाग खालच्या बाजूला, फ्युझिफॉर्म नावाच्या वळीत, जवळजवळ आहेत. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड या मेंदू-संशोधकांनी असं मांडलं की, लहानपणी मेंदूत भरमसाट जोडण्या असतात, त्यांची पुढे छाटणी होते. ती इथे अर्धवट राहते, म्हणून अंक दिसला की रंगाचा भागही जागा होतो. त्यांनी तपासलेल्या दोघांना नेहमीच्या अंकांचे रंग दिसायचे, रोमन अंकांचे नाही. म्हणजे रंग संख्येला नव्हता, आकृतीला होता. (लेकीला देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच वेगवेगळे दाखवून बघा. माझे वार मात्र नुसते ऐकले तरी रंगीत असतात, त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही.)

२००७ मध्ये रोमके राऊ आणि स्टीवन स्कोल्टे यांनी अशा १८ जणांच्या मेंदूतले तंतू इतर १८ जणांशी ताडून पाहिले. काही ठिकाणी जोडणी खरोखरच जास्त भरली. रंग डोक्यात नव्हे तर समोर कागदावर दिसतो म्हणणाऱ्यांत ती आणखी जास्त होती.

पण इथेच विषय मिटला असं समजू नका. दुसरा पक्ष म्हणतो, तारा सगळ्यांच्या सारख्याच, फक्त मेंदूच्या पुढच्या टप्प्यांकडून आधीच्या टप्प्यांकडे उलट येणाऱ्या संदेशांवरचा लगाम ढिला. एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य घेतलेल्यांना काही वेळ आवाजांचे रंग दिसतात. तेवढ्यात काही नव्या तारा उगवत नाहीत! २०१५ मध्ये ह्यूपे आणि दोजा यांनी आधीचे स्कॅनचे अभ्यास तपासले, तर सिनेस्थेशियाची ठाम म्हणावी अशी खूण त्यांना सापडली नाही. मला स्वतःला लगामाची बाजू जास्त पटते, पण पैज लावणार नाही.

स्कॅनच्या मागे लागू नका. अंक आणि मुळाक्षरांचे रंग तिला विचारून वहीत लिहा, वही लपवा आणि काही महिन्यांनी अचानक पुन्हा विचारा. खरा सिनेस्थेशिया असेल तर बहुतेक रंग तेच येतील. घरात आजी-काका-मावशीलाही विचारा, तो बऱ्याचदा घराण्यात असतो. हेच जर मोठेपणी अचानक, डोक्याला मार लागल्यावर किंवा फिट्सबरोबर सुरू झालं असतं, तर मी तुम्हाला आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा म्हटलं असतं.