‘पुन्हा लागण’ नव्हे, ‘उलटणे’

लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, आटोक्यात आलेला आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा डॉक्टर ज्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात, त्याला मराठीत ‘पुन्हा लागण’ म्हणावे की ‘पुनरावर्तन’, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘पुन्हा लागण’ कदापि म्हणू नये. लागण संसर्गाची होते. ल्युकेमिया कोणाकडून कोणाला लागत नाही, आणि तरीही बातम्यांत हा शब्द सर्रास दिसतो, याचा मला संताप येतो. ‘पुनरावर्तन’ पंडितांना प्रिय आहे. ‘पुनरावर्तते ज्वरः’ असे चरकसंहितेतही आहे. परंतु त्यातून गेलेला पाहुणा परतल्याचा भास होतो, आणि येथे पाहुणा बहुधा गेलेलाच नसतो. आपला ‘दुखणे उलटले’ हा प्रयोगच अचूक आहे, कारण साप उलटतो तो तेथेच दबा धरून असतो म्हणून.

या आजाराचे मर्म मात्र ‘शेष’ या शब्दात आहे. ‘शिष्’ म्हणजे उरणे. त्यापासून शेष, अवशेष आणि उच्छिष्ट, आणि उच्छिष्टाचेच झाले आपले ‘उष्टे’! जेवण उरकलेले ताट लांबून स्वच्छ दिसते, पण कडेला एखादे शीत चिकटलेले असते, तसेच हे आहे. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. उपचारांनंतर अस्थिमज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली त्या 5 टक्क्यांहून कमी दिसल्या की आजार आटोक्यात आला असे म्हणतात, पण तेव्हाही त्या शेकडो कोटी उरलेल्या असू शकतात. म्हणून उपचार सुरू झाल्यावर साधारण महिन्याभराने फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे लेझरच्या प्रकाशात एकेक पेशी तपासणाऱ्या चाचणीने, 10,000 पेशींत एक रोगट पेशी उरली आहे का, हे शोधतात. त्याहून अधिक उष्टे सापडले तर आजार उलटण्याचा धोका वाढलेला असतो आणि उपचार अधिक कडक करतात. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दडलेल्या पेशींसाठी पाठीतून औषध देतात, तेही याच शेषासाठी.

2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आजार उलटण्याआधीच्या व नंतरच्या पेशींच्या जनुकीय तुलनेत असे दिसले की, उलटलेल्या आजाराच्या पेशींचे मूळ पुष्कळदा निदानाच्या वेळीच असलेल्या एखाद्या लहानशा शाखेत असते. ‘पुनरावर्तन’वाल्यांनी हे नीट वाचावे. चरकाने ज्वर परतण्याचा दोष अपथ्यावर ठेवला, पण ल्युकेमियात आईच्या हातून पथ्य मोडले म्हणून काही उलटत नाही, हेही येथेच नोंदवतो.

तेव्हा ‘मुलाचा ल्युकेमिया उलटला’ असेच लिहावे.