जँगोचं ॲप कुठे चढवायचं: एडब्ल्यूएस, ॲझ्युअर, गूगल की हेरोकू?

तुम्ही लिहिलंय की दोघा मित्रांनी मिळून क्लासवाल्यांसाठी हजेरी आणि फीचं ॲप जँगोत (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) केलंय, माहिती साठवायला डेटाबेस पोस्टग्रेस आहे, पहिले चार क्लास पुण्या-नाशकातले, आणि क्लाउड, म्हणजे भाड्याचे सर्व्हर, कुठला घ्यावा यावर गाडी अडलीय.

मी असली ॲप्स गेली सात वर्षं चढवतोय. माझं मत असं की आधी डेटाबेस कुठे राहणार ते ठरवा. कोड शनिवार-रविवारात दुसरीकडे नेता येतो. भरलेला, चालू डेटाबेस हलवणं जिवावर येतं.

वापरणारे इथले आहेत, तर डेटा इथेच ठेवा. एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनचा क्लाउड) मुंबई रीजन, म्हणजे सर्व्हर जिथे असतात ते ठिकाण, २०१६पासून आहे, गूगलचं २०१७पासून, आणि ॲझ्युअरचं (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे चक्क पुणं. हेरोकूवर सुरुवात सगळ्यात सोपी, गिट पुश केलं, म्हणजे एका कमांडने कोड वर पाठवला, की झालं. पण त्यांचे नेहमीचे सर्व्हर अमेरिका आणि युरोपात, आणि फुकटचे प्लॅन नोव्हेंबर २०२२मध्येच बंद झाले. जुनी ट्यूटोरियल्स बघून तिकडे जाऊ नका.

रीजनवर एवढा जोर देतोय, कारण आम्ही त्यात पोळलोय. डेटाबेस मुंबईत घेतला, ॲपचं रीजन मात्र बदलायचं राहिलं आणि ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चाललं. लॅपटॉपवर झटकन उघडणारं फीचं पान पाच-सहा सेकंद घ्यायला लागलं. दोन दिवस आम्ही कोड चिवडत बसलो. मग क्वेरी (ॲपने डेटाबेसला केलेल्या विचारणा) मोजल्या, तर त्या एका पानावर पंचवीसेक निघाल्या. प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून जाऊन यायची, दर खेपेला दोनशे मिलिसेकंदांच्या वर. ॲप मुंबईत आणलं, त्याच दिवशी तक्रारी थांबल्या.

बिलाचं म्हणाल तर नुसता सर्व्हरचा दर बघून हिशेब करू नका. एडब्ल्यूएसवर फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला अर्धा सेंट पडतो. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना बाहेर इंटरनेटवर जायची वाट) घेतलात, तर वापरा न वापरा, तासाचे पैसे चालूच.

तुमच्या जागी मी असतो तर एडब्ल्यूएसचं लाइटसेल (त्यांची छोटी, सोपी सर्व्हर सेवा) घेतलं असतं, मुंबईत. महिन्याचा दर ठरलेला, आयपी त्यातच, पोस्टग्रेसही मिळतो, आणि वाढलात तर सर्व्हरचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) ईसी२वर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या मोठ्या सर्व्हर सेवेवर, नेता येतो. डॉकर (ॲप सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधायचं साधन) येत असेल तर असे डबे चालवणारं गूगलचं क्लाउड रनही छान आहे. कुणी वापरत नसेल तर ते शून्यावर जातं, म्हणजे ॲप बंद होऊन झोपतं. क्लाउड एसक्यूएल, म्हणजे गूगलची डेटाबेस सेवा, मात्र रात्रंदिवस बिल लावतं. शिवाय झोपलेलं ॲप उठायला वेळ लागून सकाळी सातच्या बॅचची पहिली हजेरी रेंगाळेल, म्हणून ॲपचा किमान एक इन्स्टन्स (चालती प्रत) कायम चालू ठेवा. दोघांपैकी कुणी नोकरीत रोज ॲझ्युअर हाताळत असेल, तर बिनधास्त तेच घ्या. कुबरनेटिसच्या (असे बरेच डबे एकत्र सांभाळणारी अवजड यंत्रणा) नादी सध्या लागू नका.

बजेट अलर्ट (बिल ठरलेल्या रकमेला पोचलं की येणारी सूचना) पहिल्याच दिवशी लावा. आणि पहिल्या क्लासची खरी फी भरायच्या आधी एकदा बॅकअप रिकाम्या डेटाबेसवर चढवून पावत्या दिसतात का ते बघा. कुठे अडलं तर खाली लिहा, मी बघतो.